हिमाच्छादित पर्वतातील सुरक्षित संचार

मैदानातील वाचक आणि हिमाचा प्रदेश

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले तंजावूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटर उंचीवर आहे. जानेवारीतील पहाटेसही तेथील पारा साधारणतः २० अंश सेल्सिअसच्या फारसा खाली जात नाही. तेथील घर मराठी असो वा तमिळ, हिम हा शब्द पुराणांतून व काव्यांतून घरातील सर्वांस परिचित असतो. हिम ही वस्तू मात्र बहुतेकांनी कधी हाताळलेली नसते. नीलगिरीच्या माथ्यावर उदगमंडलम येथे हिवाळ्यातील काही रात्री गवतावरील दहिवर गोठते, एवढाच या भागाचा गोठणबिंदूशी निकटचा परिचय होय.

तथापि मैदानातील माणसांचा हिमाशी संबंध येतच नाही, असे नव्हे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिन हिमनदीवरील सोनम या सुमारे १९,६०० फूट उंचीवरच्या ठाण्यावर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटच्या एकोणिसाव्या पलटणीचे दहा जवान तिच्याखाली गाडले गेले. त्यांपैकी चौघे तमिळनाडूचे, तिघे कर्नाटकाचे व एक सातारा जिल्ह्यातील होता. सैनिकास अशा ठिकाणी कर्तव्य नेते. परंतु आता केवळ हौसेने हिमाकडे जाणाऱ्यांची संख्याही मोठी झाली आहे. उत्तराखंडातील केदारकंठा हे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे शिखर ऐन हिवाळ्यात चढण्यासाठी, किंवा काश्मिरातील गुलमर्गच्या उतारांवर स्कीवरून घसरण्यासाठी, दक्षिणेतील शहरांतून तरुणांचे गट दरवर्षी जातात. यांतील अनेकांच्या आयुष्यात पहिले हिम हे तेथलेच असते.

प्रस्तुत पुस्तिका मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. आकाशातून पडते ते हिम आणि पाणी गोठून होते ते बर्फ, असा भेद येथे पाळला आहे. हिमप्रदेशातील संकटे अनेक असली, तरी अनभिज्ञ माणसास सर्वांत कमी उमगणारे संकट म्हणजे हिमस्खलन. म्हणून त्याचाच विचार अधिक विस्ताराने केला आहे.

शेत, रास आणि शिखर

हिम कोठे घसरते, हे समजण्यास तंजावुरातील तीन नित्याच्या वस्तू पुरेशा आहेत. पहिली वस्तू भाताचे खाचर. ते सपाट असते. त्यावर कितीही हिम पडले, तरी ते जागचे हलणार नाही. दुसरी वस्तू बृहदीश्वर मंदिराचे शिखर. इ. स. १०१० च्या सुमारास पुरे झालेले हे शिखर ६० मीटरांहून अधिक उंच आहे आणि त्याच्या बाजू क्षितिजाशी ६० अंशांहून मोठा कोन करतात. एवढ्या उभ्या चढावर हिम साचून राहत नाही. पडता पडताच ते थोडेथोडे खाली ओघळते.

तिसरी वस्तू खळ्यावरील भाताची रास. सांबा हंगामाचे भात पोंगलच्या आगेमागे खळ्यावर येते. राशीच्या माथ्यावर टोपलीमागून टोपली ओतली की रास उंच होत जाते. पण तिच्या बाजूचा उतार काही ठरावीक कोनापलीकडे वाढत नाही. तो कोन ओलांडला जाताच वरचे दाणे सरसरत खाली येतात. वाळलेल्या भाताच्या बाबतीत हा कोन ३५ अंशांच्या आसपास असतो. मोजपट्टीने तो सहज ताडून पाहता येईल: राशीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १० वीत आणि उंची ७ वीत भरली, तर कोन ३५ अंशांचा झाला.

पर्वतावरील धोकादायक उतार या राशीसारखे असतात. बहुतेक घातक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकून राहते आणि त्याहून फार उभ्या उतारावर ते साचू शकत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र ते साचतेही आणि सुटतेही. माणसाच्या दृष्टीने दुर्दैव असे की, चढण्यास उत्साह वाटावा आणि स्कीवरून घसरण्यास आनंद वाटावा, असे उतारही याच पट्ट्यातील असतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पायाखालची जमीन सपाट आहे, एवढ्याने माणूस सुरक्षित होत नाही. राशीच्या पायथ्याशी ठेवलेले सूपही दाण्यांनी भरून जाते. त्याचप्रमाणे तीव्र उताराच्या खालची सपाटी, घळीचे तोंड अथवा नाल्याचे पात्र ही वरून आलेल्या हिमाची विसाव्याची जागा असते. तंबू ठोकण्यापूर्वी आणि विश्रांतीस बसण्यापूर्वी डोक्यावर कोणता उतार आहे, हे पाहणे अवश्य आहे.

हिमाचे थर

राशीची उपमा येथवर चालते. यापुढे ती अपुरी पडते. भाताचे दाणे सुटे असतात व एकेक करून घसरतात. हिम मात्र एका पावसात पडत नाही. हिवाळाभर ते थरांवर थर असे साचते, आणि प्रत्येक थराचा पोत निराळा असतो. काही थर वाऱ्याने दाबले जाऊन फळीसारखे सलग होतात. काही थर मात्र शेवटपर्यंत दुबळे राहतात. असा दुबळा थर खाली आणि सलग थर वर अशी रचना तीव्र उतारावर झाली, की वरचा सबंध पापुद्रा एकाच वेळी सुटू शकतो. माणसांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलने या प्रकारची असतात.

दुबळे थर कसे तयार होतात? त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. निरभ्र, शांत रात्री भाताच्या पातीवर जसे दव जमते, तसेच हिमाच्या पृष्ठभागावरही हवेतील बाष्प जमते. परंतु तेथे ते पाणी न होता थेट पिसासारख्या नाजूक स्फटिकांत गोठते. सकाळच्या उन्हात हे स्फटिक फार सुंदर दिसतात. त्यांच्यावर पुन्हा हिम पडले, म्हणजे ते डोळ्यांआड होतात. पण त्यांचा ठिसूळपणा जात नाही. दुसरा प्रकार जमिनीलगतचा आहे. हिमाखालील जमीन शून्य अंशाच्या जवळपास असते आणि वरची हवा पुष्कळच अधिक थंड असते. हिमाचा थर पातळ असला, म्हणजे एवढा मोठा फरक थोड्याच जाडीत सामावतो. मग खालचे बाष्प वर सरकू लागते आणि तळाच्या कणांचे रूपांतर जाड साखरेसारख्या सुट्या, टोकदार स्फटिकांत होते. असे हिम मुठीत दाबले, तरी त्याचा गोळा होत नाही.

शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग या ठिकाणी उपयोगी पडेल. एका लाकडी पाटावर सपाट बुडाचे ताट ठेवावे व पाटाचे एक टोक हळूहळू उचलावे. ताट कोणत्या कोनात घसरते, ते मोजून ठेवावे. नंतर पाटावर मोहरीचा पातळ थर पसरून त्यावर तेच ताट ठेवावे आणि पुन्हा पाट उचलावा. या वेळी ताट पुष्कळच लहान कोनात निसटेल. ताट तेच, पाटही तोच. बदलला तो मधला थर, आणि वरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही.

भार कोठून येतो

दुबळा थर कित्येक आठवडे वरचे ओझे सहन करीत राहू शकतो. मग काही तरी अधिक भार पडतो व तो तुटतो. हा भार चार वाटांनी येतो. पहिली वाट नव्या हिमवर्षावाची. दुसरी वाऱ्याची. वारा डोंगराच्या एका बाजूचे हिम उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या बाजूस टाकतो, आणि आकाश निरभ्र असतानाही तेथील थर झपाट्याने जाड होतो. तिसरी वाट ऊन व पाऊस यांची. पाणी मुरले की हिम जड होते व त्याचे बंध सैल पडतात. चौथी वाट स्वतः माणूस.

एखाद्या माणसाच्या वजनाने डोंगर कसा हलेल, ही शंका साहजिक आहे. थोडे गणित करून पाहावे. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद व अर्धा मीटर जाड असा हिमाचा पापुद्रा घेतला, तर त्याचे घनफळ १,२५० घनमीटर होते. एका घनमीटराचे वजन २०० किलोग्रॅम धरले, तर सबंध पापुद्र्याचे वजन २५० टन, म्हणजे १०० किलोच्या २,५०० पोत्यांइतके भरते. हे ओझे उतारावर आधीच तोलून धरलेले असते. माणूस ते ढकलत नाही. त्याच्या पावलाच्या दाबाने खालचा दुबळा थर एका ठिकाणी मोडतो आणि ती मोड क्षणार्धात सर्वत्र पसरते. हौसेने हिमात फिरणाऱ्यांच्या प्राणघातक अपघातांपैकी दहांत सुमारे नऊ वेळा हिमस्खलन त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने सुरू झालेले आढळते. याचा अर्थ निराशाजनक नाही. जे संकट माणूस स्वतः सुरू करतो, ते टाळणेही पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते.

उतार, दुबळा थर आणि भार ही त्रयी हिमालयापुरतीच नाही. नीलगिरीत उदगमंडलमजवळ ॲव्हलांच नावाचेच एक ठिकाण आहे. तेथे हिम पडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोसळलेल्या मोठ्या दरडीवरून ते नाव पडले. पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले व दीडशेच्या वर माणसे दगावली. तेथे भार पावसाच्या पाण्याचा होता. पदार्थ निराळे असले, तरी तत्त्व एकच आहे.

पर्वताच्या सूचना

हिमाच्या आतील रचना दिसत नसली, तरी तिची काही चिन्हे बाहेर उमटतात. शेजारच्या उतारावर नुकतेच हिमस्खलन झालेले दिसणे, हे सर्वांत स्पष्ट चिन्ह होय. तशाच उंचीच्या व तशाच दिशेच्या इतर उतारांची स्थितीही तीच असण्याचा संभव असतो. पावलासरशी हिमात लांब तडे जाणे, किंवा पायाखाली धप्प असा दबका आवाज होऊन सबंध थर किंचित खचणे, याचा अर्थ दुबळा थर मोडत आहे असा घ्यावा. गेल्या एक-दोन दिवसांत झालेला मोठा हिमवर्षाव, वाऱ्याने उडणारे हिम आणि हवेत अकस्मात आलेली ऊब ही आणखी तीन चिन्हे. यांपैकी एकही चिन्ह दिसले, तर ३० अंशांहून अधिक उताराकडे वळू नये. उताराचा कोन मोजण्याचे साधे साधन आता मोबाइल फोनमध्येही मिळते.

भारतात हिमाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन विभागाच्या नव्या भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन करण्यात आली. हिवाळ्यात या संस्थेकडून हिमालयातील निरनिराळ्या भागांसाठी हिमस्खलनाचे अंदाज प्रसिद्ध होतात. प्रवासापूर्वी आणि प्रवासात दररोज हे अंदाज पाहावे. जगात रूढ असलेल्या पाच पायऱ्यांच्या धोकामापनात तिसरी पायरी मध्यावर येते. म्हणून ती बेताची वाटते. प्रत्यक्षात मृत्यूंचा फार मोठा वाटा याच पायरीवर घडतो, कारण पाचव्या पायरीस लोक घराबाहेर पडत नाहीत आणि तिसरीस निघतात.

गुलमर्ग येथे राखणदारांच्या देखरेखीखालील उतार आणि त्यांच्या पलीकडील मोकळा डोंगर यांत भेद केला जातो. देखरेखीच्या उतारांवरील हिम तपासलेले असते. मोकळ्या डोंगरावर अशी हमी नसते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील अफरवट शिखरावर झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले.

अनुभव कोठे फसवितो

शेतकऱ्यास आपल्या राशीची जाण अनुभवाने येते. ओतण्यात चूक झाली तर टोपलीभर दाणे सांडतात, आणि पुढच्या वेळी हात सावध होतो. चूक व तिचे फळ यांत अंतर नसल्यामुळे अनुभव तेथे उत्तम गुरू ठरतो. हिमाच्या उतारावर असे घडत नाही. धोकादायक उतारही बहुतेक वेळा सुटत नाही. दुबळा थर सर्वत्र सारखा नसतो. दहा माणसे त्याच्या भक्कम भागावरून निघून जातात आणि अकरावा चार पावले बाजूस सरकतो. जे दहा सुखरूप उतरले, त्यांनी आपला निर्णय बरोबर होता असा धडा घेतलेला असतो. तो धडा खरा की केवळ दैवाने साथ दिली, हे त्यांना कळण्यास मार्ग नसतो. यास्तव पूर्वी गेलेल्यांच्या पाऊलखुणा हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये.

प्रशिक्षित माणसेही या नियमास अपवाद नाहीत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचा वर्ग हिमस्खलनात सापडला आणि २९ जणांचा बळी गेला. त्यांत त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट व मकालू ही दोन्ही शिखरे चढलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. कौशल्याने माणसाचे पाऊल नेमके पडते; उताराचे वजन त्याने कमी होत नाही.

दूरच्या मैदानातून येणाऱ्यावर आणखी एक दडपण असते. तंजावुराहून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास काही दिवसांचा असतो. रजा मोजकी, परतीचे आरक्षण ठरलेले आणि खर्च झालेला. अशा स्थितीत शिखर दोन तासांवर दिसत असता परत फिरणे म्हणजे सर्व वाया गेले, असे मन सांगू लागते. त्यात गटातील सर्वजण पुढे निघाले असता एकट्याने शंका काढणे अवघड जाते. यावर उपाय एवढाच की, परत फिरण्याच्या अटी घरीच, नकाशासमोर बसून ठराव्यात: अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर मागे, रात्रीत मोठा हिमवर्षाव झाला तर मागे, गटातील एकानेही नको म्हटले तर मागे. सोबत एक-दोन मोकळे दिवसही राखून ठेवावे.

पहिली दहा मिनिटे

संशयास्पद उतार ओलांडणे अगदी अटळ असेल, तर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. हिम सुटले, तर तो शेवटी कोठे दिसला ही जागा सर्वांत महत्त्वाची असते.

वाहून आलेले हिम थांबताच घट्ट होते. कण घासले जाऊन एकमेकांस चिकटतात आणि गाडलेल्या माणसास हातही हलविता येत नाही. त्याचा श्वास पुन्हापुन्हा त्याच कोंडलेल्या हवेत मिसळतो. पूर्णपणे गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना सुमारे १० मिनिटांच्या आत बाहेर काढले जाते, त्यांतील दहांपैकी नऊ जण जगतात. अर्धा तास लोटला, म्हणजे तिघांपैकी जेमतेम एक जगतो. सियाचिनमध्ये लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले, ही अत्यंत विरळ घटना होय; त्यांचेही ११ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात निधन झाले.

यावरून एक गोष्ट उघड होते. दूरच्या गावातून मदत बोलावण्यास हा अवधी पुरत नाही. गाडलेल्या माणसाचा जीव त्याच्या सोबत्यांच्याच हाती असतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओलहरी सोडणारे व टिपणारे शोधयंत्र असावे. तसेच प्रत्येकाजवळ जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचे फावडे असावे. तिन्हींपैकी एक जरी नसले, तरी इतर दोहोंचा उपयोग फारसा उरत नाही. ही साधने वापरण्याचा सराव आधी केलेला असावा. यंत्राची माहितीपत्रिका उघडण्यास त्या वेळी सवड नसते.

थंडी आणि विरळ हवा

उष्ण प्रदेशातील माणसास सुती कापड सोयीचे वाटते, कारण ते घाम शोषते. हिमात हाच गुण घातक ठरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओला सुती सदरा शरीराची ऊब काढून घेतो. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर ऊब धरणारा थर व सर्वांवर वारा अडविणारा थर असावा. चढताना घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवावा. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले की जीवास धोका सुरू होतो. प्रथम हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते व विचार मंदावतात. कापणारा माणूस अकस्मात कापेनासा झाला, तर तो बरा झाला असे न समजता त्याची स्थिती गंभीर समजावी. मद्याने ऊब येते ही केवळ भावना आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता उलट बाहेर जाते. गोठलेल्या बोटांवर हिम चोळू नये. ती पुन्हा गोठण्याचा संभव नसेल, तेव्हाच सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरावी. हिमावरून परावर्तित होणारे सूर्यकिरण डोळ्यांस इजा करतात, म्हणून काळा चष्मा आवश्यक आहे.

उंचीवरील विरळ हवेबाबत भारतीय वैद्यकाने मोलाची भर घातली आहे. १९६२ च्या युद्धकाळात मैदानातून घाईने उंचीवर गेलेल्या सैनिकांपैकी १,९२५ जणांच्या विकारांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचा नियम साधा आहे: ३,००० मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोकेदुखी व मळमळ असताना आणखी चढू नये. विसावताही धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरवावे.

निघण्यापूर्वीचे प्रश्न

वरील विवेचनाचे सार पाच प्रश्नांत मांडता येते. जावयाचा व डोक्यावरचा उतार किती अंशांचा आहे? गेल्या दोन दिवसांत हिम, वारा किंवा ऊब यांनी त्यावर भार वाढविला आहे काय? तडे, धप्प आवाज अथवा ताजे स्खलन दिसले आहे काय? हिम सुटलेच, तर माणूस कोठे जाऊन पडेल? आणि त्या वेळी त्यास दहा मिनिटांत खणून काढण्याची साधने व माणसे जवळ आहेत काय? हे प्रश्न गटातील प्रत्येकाने, अगदी नवख्यानेही, मोठ्याने विचारावे. एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर वाट बदलावी किंवा मागे फिरावे. शिखर पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असते, आणि तंजावुराहून पुन्हा गाडी सुटते.